वरच्या खोलीत छताला प्रोजेक्टर आणि स्पीकर: फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आत काय काय करून घ्यावं?

मनाली_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला आमचं रो-हाउस आहे. वरची खोली आजवर पापड वाळवणे, गाद्या रचणे आणि पाहुण्यांना "वर जाऊन जरा पडा" म्हणणे एवढ्याच कामाची होती. आता तिथे प्रोजेक्टर लावायचं ठरलंय. खोली १६ फूट लांब, ११ फूट रुंद, स्लॅब साडेनऊ फुटांवर, बरोब्बर मधोमध पंखा. ११ फुटी भिंतीवर पडदा, समोर सोफा.

पीओपीवाला सोमवारी येतोय. त्याने बजावलंय, "ताई, वायरबियर काय टाकायची ती आधी टाकून घ्या. एकदा बोर्ड मारले की मी परत फोडायला येणार नाही." आमच्या अहोंना प्रोजेक्टर छतालाच हवाय (घरात चार वर्षांचे चिरंजीव आहेत, खाली ठेवला तर पहिल्याच दिवशी भिंगाला श्रीखंड). स्पीकरही झाडून सगळे छतात, वायर कुठे दिसता कामा नये. सासऱ्यांना क्रिकेट बघायचंय, सासूबाईंना नाटकं आणि मला सगळे झोपल्यावर सिनेमे.

तर सोमवारच्या आत नक्की काय करून घ्यायचं? प्रोजेक्टर कुठे टांगायचा हे मॉडेल घ्यायच्या आधी ठरवता येतं का? आणि बसवायला खास माणूस शोधायचा की नेहमीचा वायरमन पुरे?

खटपट्या

मॉडेल आधी, छत नंतर. पीओपीवाल्याला त्याच्या पुढचा सोमवार द्या.

टीव्हीच_बरा

७५ इंची टीव्ही. भिंतीला चार खिळे. विषय संपला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

दुपारचा_चहा

आले टीव्हीवाले. मी खुर्ची पुढे ओढून बसलेय.

अंबडचा_इंजिनियर

@टीव्हीच_बरा, प्रोजेक्टरवरचा जीएसटीही त्याच दिवशी तेवढाच उतरला. मुद्दा बाद. ;)

मनालीताई, खटपट्या म्हणतात ते खरं आहे. का, ते सविस्तर लिहितो.

प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' दिलेला असतो. भिंगापासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. १०० इंची पडदा म्हणजे कर्ण १०० इंच. १६:९ आकारात त्याची रुंदी भरते सुमारे ७ फूट ३ इंच आणि उंची ४ फूट १ इंच. थ्रो रेशो १.२ असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून पावणेनऊ फुटांच्या आत-बाहेर. १.५ असेल तर जवळजवळ ११ फूट. झूम असेल तर थोडं मागेपुढे करता येतं, स्वस्त मॉडेलांत तेही नसतं.

आता तुमचा पंखा. १६ फुटांच्या मधोमध म्हणजे पडद्यापासून ८ फुटांवर. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचं पातं दोन्हीकडे दोन-दोन फूट फिरतं, म्हणजे पडद्यापासून ६ ते १० फूट हा सगळा पट्टा पंख्याचा. १.२ वाला प्रोजेक्टर घेतलात तर तो बरोब्बर पंख्याच्या ताटात येतो. १.५ वाला पंख्याच्या मागे जातो, पण मग प्रकाश पात्यांखालून जायला हवा. फॉल्स सीलिंग सहा इंच खाली आलं की पंख्याची दांडी वाढवावी लागते आणि पाती साधारण ८ फुटांवर येतात. भिंग त्याच्याही खाली, पावणेआठ फुटांच्या आसपास. त्यासाठी स्लॅबपासून पावणेदोन फुटांची दांडी. एवढी लांब दांडी पंख्याच्या वाऱ्यात थरथरते आणि भिंगाशी केसभर हललं तरी पडद्यावर ते चांगलंच दिसतं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मधला पंखा काढून बाजूच्या भिंतींवर दोन वॉल फॅन लावा.

आणि दुकानदाराने "कीस्टोनने सरळ करून देतो" म्हटलं की हसून सोडून द्या. डिजिटल कीस्टोन म्हणजे चित्र वाकडं कापून चौकट सरळ दाखवणं. पिक्सेल वाया जातात, धार जाते. ज्यात लेन्स शिफ्ट आहे तिथे भिंगच आत सरकतं, चित्राचं नुकसान होत नाही. छताला टांगायचा असेल तर लेन्स शिफ्टवाल्याला दोन पैसे जास्त द्यायला माझी हरकत नाही.

मनाली_इंदिरानगर

बापरे, एवढं सविस्तर! मनापासून धन्यवाद. टेप घेऊन लगेच वर जाऊन आले. पंखा पडद्याच्या भिंतीपासून खरंच ८ फुटांवर आहे.

पण पंखा काढायला सासूबाई तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, वर स्लॅब तापतो, मे महिन्यात भिंतीच्या पंख्याने काय होणार. शॉर्ट थ्रो म्हणून काहीतरी असतं ना? तो पंख्याच्या पुढेच बसेल का?

अंबडचा_इंजिनियर

बसेल. ०.५ रेशोचा घेतलात तर १०० इंचांना साधारण साडेतीन-पावणेचार फूट पुरतात, पंख्याच्या पट्ट्याच्या बराच अलीकडे. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. इतक्या जवळून तिरका प्रकाश पडला की पडद्याची प्रत्येक सुरकुती लाट होऊन दिसते. गुंडाळायचा साधा पडदा चालणार नाही, चौकटीवर ताणलेला हवा. दुसरं, या जातीत लेन्स शिफ्ट क्वचितच असतं. जागा इंचाइंचाने जुळवावी लागेल.

वायरमन_सातपूर

मी हीच कामं करतो म्हणून लिहितो. जाहिरात नाही, नंबर मागू नका.

ताई, पहिली गोष्ट, प्रोजेक्टरचं वजन स्लॅबवर. जिप्समच्या बोर्डावर कधीच नाही, त्याच्या पत्र्याच्या चॅनेलवरही नाही. स्लॅबला अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) मारायचे आणि दांडी बोर्डाला भोक पाडून खाली काढायची. बोर्ड साडेबारा मिलीमीटरचा असतो, त्याला चार-पाच किलोचं यंत्र टांगलं की आज ना उद्या ते सोफ्यावर येणार.

दुसरी गोष्ट, भोक कुठे मारायचं. पंख्याच्या डबीतून स्विचबोर्डाकडे स्लॅबच्या पोटातून पाइप गेलेला असतो. तो बहुतेक सरळ रेषेत जातो, त्या रेषेत ड्रिल घालू नका. बिल्डरने स्लॅब भरताना फोटो काढले असतील तर मागून घ्या. घरातला स्लॅब साधारण पाच इंचांचा, भोक दोन इंच पुरतं. ड्रिल सळईला लागलं तर आवाज बदलतो. तिथे जोर करून सळई कापायची नाही, भोक थोडं सरकवायचं.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, पाइप. लोक प्रोजेक्टरवर लाखभर घालतात आणि पाइपात पैसे वाचवतात. २५ मिलीमीटरच्या पाइपातून एचडीएमआयचं, म्हणजे चित्र-आवाजाच्या केबलचं, तोंड सरळ जातं, वळणावर अडकतं. दीड इंची टाका. काटकोनी एल्बो नको, सैल वळणाचा लाँग बेंड. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा, उद्या केबल बदलायची झाली तर नवी त्या दोरीला बांधून ओढता येते. लाइटची वायर वेगळ्या पाइपातून. एचडीएमआयबरोबर एक नेटवर्कची केबलही टाकून ठेवा, नंतर तिच्यासाठी कोणी छत फोडत नाही.

स्पीकरसाठी दुकानात महाग वायर दाखवतील. घरात वापरतो ती तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल वायर एवढ्या खोलीला भरपूर झाली. फक्त तांबंच बघून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर बाजारात फार झालीय. चाकूने खरवडलं की आत पांढरी दिसते.

आणि एक विचारायचं राहिलं. वर गच्ची आहे ना? पावसाळ्यात स्लॅबला ओल येते का?

टीव्हीच_बरा

वायरमनदादा, हे सगळं ऐकून मला माझ्या टीव्हीबद्दल जास्तच प्रेम वाटायला लागलंय.

सराफबाजारातला_वाडा

आमचा अनुभव थोडा वेगळा. जुन्या नाशकात राहतो, छत कडीपाटाचं. स्लॅबबिब काही नाही, सागाच्या तुळया. मी म्हटलं वा, तुळईत चार स्क्रू पिळले की झालं. पिळलेही, बसलाही छान. अडचण एवढीच की वरच्या मजल्यावर काकू राहतात. त्या उठून पाणी प्यायला गेल्या की पडद्यावर भूकंप. तुळई सगळे हादरे प्रामाणिकपणे खाली पोचवते.

शेवटी प्रोजेक्टर मागच्या भिंतीतल्या वरच्या कोनाड्यात गेला. तीन फूट जाडीची भिंत, काकू वर फुगडी घालू देत. मात्र कोनाडा उंचावर असल्याने तो पालथा ठेवावा लागतो. बऱ्याच प्रोजेक्टरांचं चित्र भिंगाच्या वरच्या बाजूला पडतं, टेबलावर ठेवायच्या सोयीने. उंचावर सुलटा ठेवला की चित्र छताला. पालथा ठेवून मेन्यूत 'सीलिंग' निवडलं की सुलट होऊन खाली पडतं. आणि कोनाड्यात मागे हवा खेळायला जागा सोडा, नाहीतर तापून आपणहून बंद पडतो.

निफाडचा_कांदा

काय भो, दिवा लावायच्या कोनाड्यात दिवाच लावलाय की तुम्ही.

श्रुती_ऐकते

प्रोजेक्टरवर सगळे तुटून पडलेत, स्पीकरबद्दल कोणी बोलेना. मनाली, अहोंना हे वाचायला दे. :)

सगळे स्पीकर छतात हा हट्ट सोडा. पडद्यावर माणूस समोर उभा राहून बोलतोय आणि आवाज टाळूवर पडतोय, हे दोन मिनिटं मजेदार वाटतं, मग डोकं उठतं. सासूबाईंच्या नाटकांत तर सगळी मजा संवादांची. प्रत्येक पात्राची आकाशवाणी झाली तर कसं व्हायचं?

समोरचे तीन, म्हणजे डावा, उजवा आणि मधला, पडद्याच्या बाजूला आणि खाली हवेत, बसल्यावर कान येतो साधारण त्या उंचीला. त्यातही मधला सर्वांत महत्त्वाचा, कारण बोलणं जवळजवळ सगळं त्यातून येतं. डावा-उजवा सोफ्यावरून बघताना मध्यापासून २२ ते ३० अंशांवर. बाजूचे दोन सोफ्याच्या रेषेत किंवा किंचित मागे, ९० ते ११० अंशांत. हे झाल्यावर छतात दोन लावायचे असतील तर खुशाल लावा, त्यांचं कामच वरून येणाऱ्या आवाजाचं. पाऊस, विमान, देवळातली घंटा. याला ५.१.२ म्हणतात. ५ म्हणजे हे खालचे पाच, १ म्हणजे बेसचा वूफर, शेवटचा २ म्हणजे छतातले.

छतातल्यांसाठी सोमवारी करायचं ते असं. भोक पाडायचा कागदी साचा स्पीकरबरोबर येतो, तो पीओपीवाल्याला द्या. भोकाच्या चारही बाजूंनी जास्तीचं चॅनेल मारायला सांगा. साडेसहा इंची स्पीकरला मागे साधारण चार इंच खोली लागते, तुमच्या सहा इंचांत तो बसेल, पण घ्यायच्या आधी मापून घ्या. मागच्या पोकळीत ग्लासवूल भरा, नाहीतर अख्खं छत ढोलासारखं घुमतं. आणि बोर्डाचा एकही स्क्रू ढिला नको. बेस आला की तोच पहिला कुरकुरतो.

देवळालीकर

श्रुतीताईंशी अर्धा असहमत. आमच्याकडे पाचही छतात आहेत आणि घर सुखात नांदतंय. ज्यांचा ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) वळवता येतो असे स्पीकर मिळतात. समोरचे तीन पडद्याच्या अगदी जवळ लावून तोंड सोफ्याकडे वळवलं की आवाज बराच खाली उतरल्यासारखा वाटतो. घरात लहान मूल असेल तर जमिनीवर काहीच नसणं ही केवढी सोय आहे ते आईबापांना विचारा. माझ्या मुलीने स्पीकरच्या शंकूत बोट घालून बघितलं होतं. तिचं वय तेव्हा मनालीताईंच्या चिरंजीवांएवढंच.

श्रुती_ऐकते

'बराच' या शब्दात सगळं आलं. ;) मुलाचा मुद्दा मान्य. मग भिंतीवर तीन-साडेतीन फुटांवर ब्रॅकेटने टांगा, पुढे जाळी लावा. छत हा एकच पर्याय नाही.

देवळालीकर

आमची कन्या तेव्हा साडेतीन फुटांवर खुर्ची घेऊन पोचायची. जाळीला मात्र +१.

गुरुजी_दिंडोरी

एक सावधगिरीची सूचना. नाशकात इलेक्ट्रिकलच्या दुकानात 'सीलिंग स्पीकर' मागितला की पांढऱ्या जाळीचा गोल स्पीकर हातात देतात, स्वस्तही असतो. त्याच्या मागे छोटा ट्रान्सफॉर्मर बघा. असेल तर तो १०० व्होल्ट लाइनचा, म्हणजे घोषणांसाठीचा. हॉटेल, स्टेशन, शाळा यांच्यासाठी उत्तम, कारण एका लांब वायरवर असे कितीतरी समांतर जोडता येतात. घरच्या ॲम्प्लिफायरला हवे ते ८ ओहमचे. सिनेमा बघायला घोषणेचा स्पीकर लावलात तर संवाद कळतील, संगीत गेलं.

आमच्या शाळेत मात्र तेच लावलेत आणि फार उपयोग होतो. एकच मोठा भोंगा फळ्यावर लावला की पुढची मुलं कान झाकतात आणि मागच्यांना प्रतिध्वनी. चार छोटे छतात, कमी आवाजात, म्हणजे सगळ्यांना सारखं ऐकू येतं.

वर्गात प्रोजेक्टरचा खरा वैरी खडूची धूळ. घरात ती नसली तरी आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ कमी नसते. ज्याला हवेचा फिल्टर आहे त्याचा फिल्टर काढून साफ करता येईल अशा बाजूला जागा ठेवा. पीओपीवाले हौसेने प्रोजेक्टरभोवती सुंदर खोबणी करून देतात आणि मग फिल्टरचं झाकणच उघडत नाही.

दुपारचा_चहा

विषयांतर: पडद्यावरून आठवलं. लहानपणी गणपतीत आमच्या गल्लीत १६ मिमीचा प्रोजेक्टर यायचा. रस्त्याच्या मधोमध पांढरं कापड. पुढून बघायला जागा मिळाली नाही की आम्ही मागे बसायचो. पाट्या उलट्या आणि सगळी माणसं डावखुरी. रीळ बदलताना सगळ्या गल्लीची एकच आरडाओरड.

निफाडचा_कांदा

आमच्याकडे कापडामागे बायका आणि पुढे पुरुष, असा नियमच होता. आईने कितीतरी सिनेमे डावखुरेच पाहिलेत.

सराफबाजारातला_वाडा

अहो, हे फाळक्यांचं गाव आहे, इथे पडद्यावरून विषयांतर झालं तर माफ. त्र्यंबकेश्वरचा जन्म, १८७० चा. १९१३ ला मुंबईत पहिला चित्रपट दाखवला आणि नंतर सिनेमे काढायला नाशकातच आले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी स्मारक आहे. आणि आपण इथे पंखा हलवायचा की नाही यावर अडलोय.

अंबडचा_इंजिनियर

त्यांच्या प्रोजेक्टरसमोर सासूबाईंचा पंखा नव्हता.

टीव्हीच_बरा

हसून झालं असेल तर एक खरा प्रश्न. सासरेबुवा क्रिकेट दुपारी बघणार. खिडकीतून ऊन. प्रोजेक्टरवर काय दिसणार, धुकं?

अंबडचा_इंजिनियर

हा मात्र रास्त प्रश्न. हिशेब असा. डिजिटल सिनेमागृहात पडद्यावरचा उजेड ४८ निट ठेवायचा असा दंडक आहे, जुन्या मापात १४ फूट-लँबर्ट. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ३० चौरस फूट. साधा पांढरा पडदा धरला तर १४ गुणिले ३०, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास लुमेन पडद्यावर पोचले की काळोखात थिएटरइतका उजेड. वाटतं तेवढा मोठा आकडा नाही. पण रंग नीट लावले, आवाज कमी करायला इको मोड चालू केला, की खोक्यावरच्या आकड्यातला बराच भाग गळतो. म्हणून खरे दीड-दोन हजार लुमेन हाताशी असावेत. आकडा आयएसओ किंवा एएनएसआय लुमेनमध्ये, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजून, दिलाय का तेवढं बघा. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या अँड्रॉइड डब्यांवर नुसतेच 'दहा हजार लुमेन' छापलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही.

दुपारच्या उन्हाचं म्हणाल तर टीव्हीच_बरा जिंकले. पडद्यावरचं काळं म्हणजे फक्त खोलीतला उजेड, प्रोजेक्टर काळा प्रकाश फेकू शकत नाही. खिडकीला जाड पडदे लावा, छत आणि पडद्याच्या बाजूच्या भिंती गडद, बिनचमकीच्या रंगात करा. पीओपीवाल्याचं पांढरंशुभ्र छत प्रकाश परत पडद्यावर टाकतं, हे कोणी आधी सांगत नाही. दिवसाचं क्रिकेट खाली हॉलमधल्या टीव्हीवर.

टीव्हीच_बरा

हा प्रतिसाद मी छापून भिंतीवर लावतोय. टीव्हीच्या शेजारी.

सोसायटीचा_सेक्रेटरी

मनालीताई, रो-हाउस म्हणजे भिंत सामाईक. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल. तुम्ही 'सगळे झोपल्यावर' सिनेमा बघणार आहात. शेजारीही त्याच वेळी झोपतात.

दुपारचा_चहा

सेक्रेटरी, इथेही?

श्रुती_ऐकते

सेक्रेटरींचं बरोबर आहे हो. वूफर सामाईक भिंतीला टेकवू नका आणि खाली जाड रबर ठेवा. बेस हवेपेक्षा भिंतीतून आणि स्लॅबमधूनच जास्त पळतो. रात्रीसाठी रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये) आवाजातला चढउतार कमी करायची सोय असते, ती वापरा. कुजबुज ऐकू येते आणि स्फोटाला कोणी दचकून उठत नाही.

मनाली_इंदिरानगर

किती लिहिलंत सगळ्यांनी! अहोंनी सगळा धागा वाचला. श्रुतीताई, समोरचे तीन भिंतीवर, छतात दोनच, यावर तह झालाय. शॉर्ट थ्रोवरही जवळजवळ एकमत आहे, म्हणजे पंखा जागेवर आणि सासूबाई खूश.

वायरमनदादा, तुमच्या प्रश्नाने मात्र घोळ झालाय. गच्ची वरच आहे. पडद्याच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते, पोपडे धरलेत. पीओपीवाला म्हणतो, "फॉल्स सीलिंग झालं की दिसणारच नाही."

वायरमन_सातपूर

दिसणार नाही, तीच तर भीती. ताई, शॉर्ट थ्रो घेतलात तर तुमचे अँकर त्याच कोपऱ्याच्या बाजूला येणार. आधी पोपडे खरवडून स्लॅब हातोडीने हलकेच वाजवून बघा. ठणठणीत आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर आत सळई गंजून काँक्रीट सुटलंय, तिथे अँकर धरणार नाही. अँकरच्या भोकांनी गच्ची गळत नाही, ती दोनच इंच खोल असतात. पण वरून येणारं पाणी बंद बोर्डावर साठतं, एक दिवस बोर्डच खाली येतो, आणि त्याच पोकळीत तुमची लाइटची वायर आहे.

आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग. मग एक चांगला पाऊस जाऊ द्या किंवा गच्चीवर पाणी बांधून दोन दिवस बघा. मग पाइप, मग फॉल्स सीलिंग.

खटपट्या

मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो?

सराफबाजारातला_वाडा

वायरमनदादांना साष्टांग. आमच्याकडे लाइट बरीच जाते त्यावरून अजून एक सांगून ठेवतो. दिव्याचा, म्हणजे लँपवाला प्रोजेक्टर घेणार असाल तर छोटा यूपीएस लावा. चालू असताना एकदम वीज गेली की आतला पंखा थांबतो आणि तापलेल्या दिव्याचं आयुष्य कमी होतं. लेझर किंवा एलईडीवाल्यात ही चिंता बरीच कमी. दिव्याचे तीन-पाच हजार तास, लेझरचे वीस हजारांपर्यंत सांगतात. छताला टांगल्यावर दर वेळी शिडी लावून दिवा बदलायचा की नाही, तेही बघा.

मनाली_इंदिरानगर

पीओपीवाल्याला थांबवलं. चिडला, पण थांबला. गच्चीच्या कामाला माणूस येऊन बघून गेलाय. हातोडीने वाजवून पाहिलं. कोपऱ्यात दीडेक फूट आवाज पोकळ येतोय, पुढे ठणठणीत. प्रोजेक्टर पडद्यापासून साडेतीन फुटांवर येणार, म्हणजे तिथे स्लॅब चांगला आहे असं धरू ना?

आणि एचडीएमआय किती लांबीची घेऊ? रिसीव्हर पडद्याखालच्या कपाटात असेल.

अंबडचा_इंजिनियर

स्लॅबचं वायरमनदादा सांगतील. केबलचं सांगतो. कपाटातून भिंतीने वर आठ फूट, छतातून साडेतीन-चार, दांडीतून फूटभर, शिवाय दोन्ही टोकांना मोकळी सोडायला तीन-चार फूट. सोळा-सतरा फूट, म्हणजे पाच मीटर. पाच मीटरपर्यंत चांगली साधी तांब्याची केबल ४के ला सहसा चालते, तुम्ही अगदी काठावर आहात. मी ऑप्टिकल, म्हणजे तांब्याऐवजी काचतंतूतून सिग्नल नेणारी, घेईन, आठ किंवा दहा मीटरची. तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येत नाही आणि अख्खी परत काढावी लागते. बोर्ड मारायच्या आधी दोन्ही टोकं जोडून, चित्र बघूनच पुढे जा.

वायरमन_सातपूर

चालेल, पण पोकळ भाग आधी तोडून, सळई साफ करून भरून घ्या. अँकर मारताना मी असतो तर चारही मारून, दांडी लावून, तिला हाताने लोंबकळून बघितलं असतं. तुमच्या वायरमनला तेच सांगा. आणि प्रोजेक्टरला एक सुरक्षेची साखळी वेगळ्या हुकाला, खाली मुलगा खेळणार आहे.

आणखी एक. दांडीजवळ छताला एक ट्रॅप डोअर सोडायला सांगा, फूट बाय फूट. प्लगची जोडणी, पाइपाचं तोंड, सगळं तिथून हाताला यायला हवं.

मनाली_इंदिरानगर

सांगितलं. तो म्हणतो ट्रॅप डोअरचे वेगळे पैसे लागतील.

वायरमन_सातपूर

द्या.

टीव्हीच_बरा

एवढं सगळं झाल्यावर पहिला सिनेमा बघायला बोलवा, ताई. मी दुपारी येईन.